पाठ टेकायची सीट

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आमचे आगार व्यवस्थापक आदरणीय नवल बोरसे साहेब. नवापूरहून एवढ्या उन्हात खास माझ्यासाठी आलेले प्रमुख पाहुणे, माझे गुरुजी अब्राहाम गावित सर. माझ्याच शेजारी हार सांभाळत बसलेले आणि माझ्यासोबतच आज सेवानिवृत्त होणारे कारागीर योहानभाऊ. अक्कलकुवा आगारातले सर्व चालक, वाहक, यांत्रिक आणि कार्यालयातले बंधू-भगिनी. आणि समोर बसलेल्या माझ्या घरच्या व पाड्यावरच्या मंडळींनो, तुम्हा सगळ्यांना जालमसिंग वसावेचा जोहार.

मला भाषणाची सवय नाही. सगळी नोकरी माझ्या डोक्याजवळ एक पाटी होती, चालकाशी बोलू नये अशी. लोकांनी ती पाळली की नाही ते सोडा, मी मात्र पाळली. त्यामुळे साठलेलं बरंच आहे. वळणावर कुठे अडखळलो तर माझ्या गाडीचे वाहक हिलालभाऊ यांनी घंटी मारावी, मी थांबेन.

योहानभाऊ आणि मी एकाच दिवशी निवृत्त कसे, असं मघाशी कुणीतरी विचारलं. गावित सर हसले, कारण उत्तर त्यांना माहीत आहे. आम्ही दोघंही एक जूनचे! सरांनी माझं नाव शाळेत घातलं तेव्हा आईला विचारलं, हा कधी जन्मला? ती म्हणाली, मोहाची फुलं पडत होती तेव्हा. आता मोहाची फुलं शाळेत कशी लिहिणार? सरांनी एक जून लिहून टाकलं. आमच्या डोंगरातल्या निम्म्या माणसांचा जन्म असाच शाळा उघडायच्या सुमाराला झालाय. म्हणून तर एकतीस मेला आपल्याकडे हारवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. वाढदिवस ही चैन होती हो, ती आम्हाला परस्पर सरकारातून मिळाली.

आज सकाळपासून जो भेटतो तो विचारतो, जालमदादा, वाईट वाटतंय का? रीत म्हणून हो म्हणायला पाहिजे. पण तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू? मला सुटल्यासारखं वाटतंय. आमचा मोलगीचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, देवगोईचा घाट माहीत आहे. पावसाळ्यात वरून दगड येतात, उन्हाळ्यात वऱ्हाडं येतात, आणि दोन्ही वळणावरच उभी असतात. माझ्या गाडीत चढलेल्या माणसाला कधी इजा झाली नाही, हे वाक्य मी आज पहिल्यांदा तोंडातून काढतोय. एवढी वर्षं बोललो नाही, नजर लागेल म्हणून. मघाशी चावी जमा केली आणि छातीवरचा दगड उतरला. आता बोलायला हरकत नाही.

साहेब म्हणाले, नोकरीतले अनुभव सांगा. मी त्याच्या थोडं मागून सुरू करतो, कारण नोकरी लागली तीच मुळी एका चैनीपायी.

आता तुम्हाला चैन म्हटलं की काय आठवतं? आमच्या पाड्यावर दुधाचा चहा ही चैन होती. घरी गाय होती, पण दूध वासराचं, ते माणसानं काढून घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पायात चप्पल ही चैन. साबणाची वडी तर अशी की ती हुंगायला मिळाली तरी पोरं रांग लावत. पण माझ्या डोक्यात बसलेली चैन वेगळी होती. गाडीत पाठ टेकून बसायला मिळणं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? आम्ही गाडीत बसायचो, नाही असं नाही. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि आख्खे पाडे गुजरातेत ऊसतोडीला निघायचे. खाली ज्वारीची पोती, त्यावर भांडी, गोधड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यात वर आम्ही. टेकायला काही नाही, धरायला दोर असला तर असला. पोरांना त्यात मजाच वाटायची. मलाही वाटायची, एका वर्षापर्यंत.

त्या वर्षी भर दुपारची वेळ होती. घरातलं आवरून, सामान लादून आई थकलेली. आमच्याकडे आईला याहा म्हणतात. तर याहाच्या मांडीवर माझी धाकटी बहीण होती, नानी. याहाला डुलकी लागली. ट्रकनं एक मोठा हिसका खाल्ला, आणि तिचे डोळे उघडले तेव्हा मांडी रिकामी होती.

वडील ओरडत होते. मी केबिनच्या टपावर दोन्ही हात आपटत होतो. ट्रकवाल्याला ऐकू गेलं नाही. तो थांबला तो फार पुढे जाऊन. नानीला तिथंच रस्त्याकडेला माती दिली आणि आम्ही ऊस तोडायला पुढे गेलो, कारण मुकादम थांबायला तयार नव्हता. माफ करा, आनंदाच्या कार्यक्रमात हे सांगायला नको होतं. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावित सर पाड्यावर आले, शाळेसाठी पोरं गोळा करत. बाकीचे आईबाप पोरं लपवत होते. याहानं मला हाताला धरून सरांपुढे उभं केलं. म्हणाली, याला घेऊन जा, पण ट्रकवर चढवू नका. सर, तुम्ही म्हणालात, एसटीनं नेतो. आठवतं ना?

आणि मग मी पहिल्यांदा एसटीत बसलो. सीट! हिरवं रेक्झीन, आत काथ्या, आणि मागे पाठ टेकायला जागा. मी टेकायचो, पुढे व्हायचो, पुन्हा टेकायचो. सर म्हणाले, जालम, ती पळून जाणार नाही. खिडकीला काच होती, ती सरकत होती. समोर लोखंडी दांडी होती धरायला, आणि ती घट्ट होती, हलत नव्हती. पण सगळ्यात मोठी चैन तर पुढे होती. त्या ड्रायव्हरला आत यायला स्वतःचं वेगळं दार होतं! आमच्या आख्ख्या घराला दार नव्हतं, कुडाचा एक ताटवा होता, आणि या माणसाला एकट्याला एक दार. तिथंच ठरलं माझं, व्हायचं तर हेच व्हायचं. आज माझी लेक सीमा गाडीत चढली की आधी विचारते, मोबाइल चार्ज करायची सोय नाही का? तिला सीट ही चैन वाटत नाही, यातच माझी कमाई आली.

मी ड्रायव्हर झालो, मोलगीच्या रूटला लागलो. याहा माझ्या गाडीत यायची, बाजाराला, दवाखान्याला. पण बसायची कुठे? माझ्या मागे, खाली, फळीवर. दोन्ही हातांनी खांब धरून. उन्हाळा असो, गाडी रिकामी असो, खालीच. नवीन वाहक यायचे, म्हणायचे, आजी, वर बसा. ती मान हलवायची. लोकांना वाटायचं, डोंगरातली म्हातारी आहे, लाजते. मलाही बरीच वर्षं तसंच वाटलं, की सीट ही मोठ्या लोकांची वस्तू, हे तिच्या मनातून जात नाही. मग एकदा आरशात नीट पाहिलं. ती लाजत नव्हती. तिचे डोळे सताड उघडे होते, घाट संपेपर्यंत पापणी लवत नव्हती. ती खाली बसायची, कारण खालून कुणी खाली पडत नाही.

तेव्हापासून माझी एकच इच्छा होती. बढती नको, बिल्ला नको. माझ्या गाडीत माझी आई एकदा वर बसावी, पाठ टेकून, निवांत. दर वर्षी म्हणायचो, होईल, अजून नोकरी आहे. आणि बघता बघता आजचा दिवस आला. शेवटची फेरी, मोलगी ते अक्कलकुवा.

पोरांनी गाडीला फुगे लावले होते, पुढे केळीचे खांब. याहा सीमाचा हात धरून चढली आणि सवयीनं खाली बसायला वाकली. मी आरशात बघत होतो. एवढ्या वर्षांत जे समजावून झालं नाही ते आज काय सांगणार? तेवढ्यात आमचे हिलालभाऊ पुढे आले. ही गोष्ट आगारात फक्त त्यांनाच माहीत होती. ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "माय, आज खाले नही बसानं. आज तुन्हा पोऱ्यानी गाडी शे."

याहानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीकडे पाहिलं. आणि बसली हो, वर! पण कशी? सीटच्या अगदी कडेवर, पुढची दांडी दोन्ही हातांनी आवळून. पाठ टेकली नाही. मी मनात म्हटलं, जालम, एवढं झालं हेही खूप झालं. गिअर टाकला.

घाट लागला. प्रत्येक वळणाला मी हॉर्न देतो, आजही दिला. अर्ध्या घाटात सहज आरशात बघितलं, तर याहा दिसेना! जिथं मघापर्यंत तिचा चेहरा होता तिथं नुसती खिडकी. खरं सांगतो, वाटलं, भीती वाटून गेली बिचारी परत खाली. शेवटच्या दिवशीसुद्धा जमलं नाही. पुढच्या मोकळ्या जागेला गाडी बाजूला घेत होतो, तोच हिलालभाऊ माझ्या कानाशी आले. "घाबरू नको दादा. माय झोपी गई. नातना खांदावर डोकं शे."

मंडळी, मला सांगा, मी काय करावं? मागे लग्नाचं वऱ्हाड होतं, त्यांच्यात एक ढोलवाला होता. हिलालभाऊंनी तोंडावर बोट ठेवलं. त्यानं ढोल मांडीवर घेतला आणि वर हात पसरून ठेवला, म्हणजे गाडीच्या धक्क्यानं वाजू नये. कुणीतरी मोबाइलवरचं गाणं बंद केलं. आख्खी गाडी गप्प, का ते कुणाला माहीत नाही. हॉर्न तर मी देतच होतो, कारण हॉर्न न देता वळण घेणारा ड्रायव्हर मी कधीच नव्हतो. पण ती काही जागी झाली नाही.

मला या नोकरीनं खूप दिलं. आज साहेबांनी शाल दिली, श्रीफळ दिलं, चांगले शब्द बोलले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. योहानभाऊ, तुम्ही लावलेल्या ब्रेकनं मला कधी दगा दिला नाही, तेव्हा हा अर्धा हार तुमचाच. हिलालभाऊंचे आभार कसे मानू ते मला कळत नाही, म्हणून मानत नाही. गावित सर, तुम्ही त्या दिवशी शब्द पाळला आणि मला एसटीनं नेलंत, त्यामुळे मी आज इथे उभा आहे.

आता शेवटी एक माफी मागायची राहिली. कार्यक्रम पाचचा होता आणि तुम्ही इथे ताटकळत बसलात. पंखेही धड चालत नव्हते म्हणे. गाडी स्टँडला वेळेवर लागली होती, उशीर केला तो मी. वऱ्हाड उतरलं, बाकीचे उतरले. मी इंजिन बंद केलं आणि जागेवर बसून राहिलो. साहेबांचे फोन येत होते, हिलालभाऊ नुसतं "येतो, येतो" म्हणत होते. मला तिला उठवायचं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती आपली आपण जागी झाली. दचकली. सीमाचा दंड घट्ट धरला, डोळे अजून झोपेतच होते. आमच्या बोलीत मला विचारलं, "सगळी पोरं आहेत ना?"

मी मागे वळून आख्ख्या रिकाम्या गाडीकडे बघितलं. आणि म्हणालो, "आहेत, याहा. सगळी सुखरूप उतरली. चल, आता आपण उतरू."

तेवढा उशीर, आणि बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर तेही, पोटात घाला. जोहार.