केनची गोळी

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथवर हात बसला, मग इकडं ब्रिस्टलला विमानाचे पार्ट करायच्या कामाला आलो. शेजारी केन, सत्तरीचा, रायफल क्लबातला जुना गडी. त्यानंच मला क्लबात नेलं, बंदूक बाळगायच्या सर्टिफिकेटसाठी पोलिसांकडं माझी हमी दिली आणि घरी काडतुसं भरायला शिकवली. काय सांगू तुम्हाला, इथं आपलं माणूस म्हणावं असा त्यो एकच. सुनीता सोडून, नायतर बायको जेवायला घालायची नाही मला.

तर काडतूस भरायचं म्हणजे पितळी केस, तिच्यात पावडर, वर गोळी दाबून बसवायची. ती किती आत दाबायची, सगळी मेख तिथंच. केनचं म्हणणं, गोळीचं नाक बॅरलमधल्या पिळाच्या आट्यांना टेकलंच पायजे, तरच नेम बारीक पडतो. पण बॅरल झिजतंय की हो, आटे पुढं पुढं सरकत जातात, आणि हा बाबा त्यांच्या मागं गोळी बाहेर बाहेर काढत चाललेला. शेवटी बघतोय तर गोळी केसच्या तोंडात नखभर अडकलेली. मी म्हटलं केन, अरे धरायला काय राहिलंच नाही, आत बसव, आट्यांपासून लांब राहिली तर राहूदे. त्यो म्हणाला, मला शिकवतोस व्हय, तुझ्या जन्माआधीपासून भरतोय मी. मीबी तापट, म्हटलं मग भर तुझी तूच. झालं, बोलणं बंद. कुंपणापलीकडं दिसला की दोघंबी मान फिरवायचो. सुनीता म्हणायची, अहो, तुम्ही तरी कमीपणा घ्या. मी म्हटलं, मी का घेऊ? पण केन जेवायला नसला की रविवार खायला उठायचा बघा.

मग क्लबाची मॅच आली. केन नेमका माझ्या शेजारच्या जागेवर. मधेच रेंज ऑफिसर ओरडला, थांबा, रायफली रिकाम्या करा, कुणाचं तरी कुत्रं टार्गेटांकडं पळालंय. सगळ्यांनी केल्या. केननं काडतूस काढायला बोल्ट मागं ओढला तर केस एकटीच बाहेर! गोळी आट्यांत रुतून बसलेली आणि पावडर सगळी रायफलीत सांडलेली. ऑफिसर म्हणाला, सॉरी केन, तुझी मॅच संपली. म्हाताऱ्याचा चेहरा बघवंना. माझा राग कुठल्या कुठं पळाला. मी माझी रायफल बाजूला ठेवली, मॅच गेली तर गेली म्हटलं, आणि पावडर झाडून, पुढनं रॉड घालून गोळी मागं ढकलून काढली. त्यानं नुसती रायफल धरून ठेवली.

परत येताना त्याला माझ्याच गाडीत बसवलं. निम्म्या वाटेवर म्हणाला, दत्ता, किती आत?

मी म्हटलं, आधी घरी चल, जेव, मग बघू.

आता दोघं मिळून भरतो. नेम पहिल्याइतका बारीक नाही पडत, खोटं कशाला बोलू, पण काडतूस आत जातंय आणि म्हणंल तवा सबंध बाहेर येतंय. त्यो अजून दर रविवारी येतो, आमटी ओरपतो, आणि जरा बाहेर घे, जरा बाहेर घे म्हणून डोकं खातो. मी ऐकत नाही. देवानं त्याला शंभर वर्षं असाच भांडायला ठेवावा.