टीव्हीची वायर आणि दुसरा फटका

नाव : सौ. महेश्वरी शिवप्रकाश लामतुरे, वय ३३ वर्षे, व्यवसाय घरकाम व शिवणकाम, रा. गंगाखेड, जि. परभणी.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, कोणी न पढवता, माझ्या तोंडाने सांगते की,

मी वरील ठिकाणी पती शिवप्रकाश, सासरे गुरुसिद्धप्पा, सासू चन्नबसम्मा, दीर विरेश व मुलगी भक्ती यांच्यासह राहते. खाली आमचे किराणा दुकान असून वर घर आहे. सोमवारी संध्याकाळी सासऱ्यांच्या डोक्याला मार लागला व बुधवारी ते नांदेडला दवाखान्यात मरण पावले. विरेशने त्यांना मारले अशी फिर्याद माझ्या पतींनी दिली असून विरेश आपल्या ताब्यात आहे. ती फिर्याद खोटी आहे. विरेशने बापाला बोटसुद्धा लावलेले नाही. मी समोर होते.

विचारल्यावरून सांगते की, भांडणाचे मूळ टीव्ही नाही, पण सुरुवात तिथून झाली. विरेशचा कॉम्प्युटर आहे व त्याला गेम खेळण्याचा नाद आहे. त्याचा स्क्रीन लहान, म्हणून त्याने कॉम्प्युटरचा डबा बैठकीत आणून टीव्हीला वायरने जोडला. टीव्ही माझ्या माहेरचा आहे, परवानगी मी दिली, त्यात काही गुन्हा नाही. पहिल्या दिवशी टीव्हीवर नुसते 'नो सिग्नल' येत होते. वायर डब्याच्या दुसऱ्या भोकात खोचल्यावर चित्र आले, तर त्याच्या चारी कडा कापलेल्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याने तेही बसवले. मग मी आणि भक्ती गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायचो. माझी गाडी सारखी भिंतीला जाऊन धडकायची आणि सासरे पोट धरून हसायचे. लग्न होऊन आल्यापासून त्या बैठकीत मी इतके हसू ऐकले नव्हते.

माझ्या पतींना ते सोसत नव्हते. "मी खाली पोती उचलायलाय अन् हा वर बंदुका उडवायलाय," असे ते जेवताना रोज म्हणत. सासरे एकदा त्यांना म्हणाले, "शिवा, खेळू दे की. नोकरी लागली की जाईलच निघून." त्यावर पती ताटावरून उठून गेले. ते ताट मी झाकून ठेवले.

आम्ही लिंगायत आहोत. सासरे दिवेलागणीला बैठकीत बसून, गळ्यातले लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करत. त्या वेळी घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. पूजा पुरी होईपर्यंत तो हात दुसऱ्या कशालाही लावायचा नाही, असा त्यांचा नेम होता. विरेश हे पाळत असे. पूजेच्या वेळी तो टीव्ही बंद करायचा आणि कानाला हेडफोन लावून आपल्या लहान स्क्रीनवर खेळायचा. वायर मात्र टीव्हीला तशीच जोडलेली असायची.

सोमवारी सासरे पूजेला बसले होते. विरेश कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून खेळत होता. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, तिथून बैठक सरळ दिसते. सासूबाईंना ऐकू येत नाही, मालिका त्या नुसती चित्रावर बघतात. त्यांनी रिमोट घेऊन टीव्ही चालू केला. टीव्ही चालू झाला की कॉम्प्युटर आवाज आपोआप हेडफोनमधून काढून टीव्हीकडे पाठवतो, हे विरेशने मला आधी दाखवले होते. सासूबाईंना ते ठाऊक नव्हते. आदल्या दिवशी शर्यतीसाठी भक्तीने टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला होता, तो तसाच होता. भर पूजेत बैठकीत बंदुका सुटायला लागल्या आणि विरेशबरोबर इंटरनेटवरून खेळणाऱ्या कोणा पोराने आईवरून घाण शिवी हासडली. ती खाली दुकानापर्यंत गेली. सासूबाई शांतपणे चॅनेल बदलायचे बटण शोधत होत्या.

पती वर आले तेव्हा त्यांच्या हातात शटर ओढायची लोखंडी आकडी होती. ती दुकानात खिळ्याला अडकवलेली असते. म्हणजे ती काढून घेऊन ते जिना चढले. त्यांनी आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर मारले, काच फुटून पूजेच्या ताटात पडली. मग स्क्रीन फोडला. विरेश हेडफोन काढत उठत होता, त्याच्या हातावर मारले. बोटे मोडल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. "अप्पाच्या पूजेत आईवरून शिव्या देतो का? तुला आज जित्ता ठेवत न्हाई," असे पती म्हणाले. विरेश टेबलाखाली शिरला. "दादा, मी न्हाई, टीव्ही कुनी लावला?" असे तो ओरडत होता. पती खाली वाकून त्याच्या पाठीत व मांड्यांवर मारत राहिले. मी धावत जाऊन पतींचा सदरा धरला, तर त्यांनी कोपर माझ्या तोंडावर मारले. माझा दात हलतो आहे, तो आपण पाहिला आहे.

तेवढ्यात सासरे उठून मध्ये आले. पूजा अर्धवट होती. डाव्या हाताची मूठ त्यांनी छातीशी आवळली होती व एकटा उजवा हात पुढे केला होता. एका हाताने लोखंड किती अडणार? आकडी त्यांच्या कानामागे बसली. ते गुडघ्यावर बसले व म्हणाले, "शिवा, थांब. मी हाय."

हा फटका चुकून बसला असे कोणी म्हटले तर मी मान्य करेन. पण पती शिवप्रकाश गुरुसिद्धप्पा लामतुरे यांनी सासऱ्यांकडे पाहिले, ओळखून पाहिले. "तुमीच लाडावलाय ह्याला," असे म्हणाले आणि दोन्ही हातांनी पुन्हा मारले. सासरे वायरींवर आडवे झाले, त्या ओढीने टीव्हीही खाली आला. तुमीच, असे म्हणाले. विरेशला कोणी तुमी म्हणत नाही. आपण हे याच शब्दांत लिहावे.

विचारल्यावरून सांगते की, आधी का बोलले नाही, तर आमचे चुलत सासरे मन्मथप्पा यांनी दवाखान्याच्या आवारात सर्वांना बसवून सांगितले, "गेलेला मानूस येत न्हाई. शिवप्रकाशच्या मागं दुकान हाय, बायको हाय, लेक हाय. विरेशच्या मागं कोन हाय? तेला काय, सुटून येईल." पती खाली मान घालून ऐकत होते व त्यांनी हो म्हटले. मी विरेशकडे पाहिले. मोडलेला हात मांडीवर धरून तो मला म्हणाला, "वैनी, वायर मीच जोडली ना." त्याला तसेच वाटते आहे, म्हणून तो आपल्यासमोर गप्प आहे. आपण त्याला सांगावे की वायरीने माणूस मरत नाही. मला त्याचा राग येतो, पण दया त्याहून जास्त येते.

पतीविरुद्ध सांगण्याचे परिणाम मला समजावून दिले. ते मला कळतात. दुकान बंद पडेल, भावकी दारात उभी करणार नाही, माहेरचे चार दिवस ठेवतील. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात; सासऱ्यांना मातीत बसवताना पती सर्वांत मोठ्याने रडले. ते रडणे खरे होते, हेही मी सांगते. पण भक्तीने काकाला खुनी म्हणत मोठे व्हावे, हे मला चालणार नाही. ती त्या वेळी दारामागे होती. तिला काही विचारू नये, तिने पाहिले ते सगळे मी सांगितले आहे.

माझा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. दुसऱ्या फटक्याच्या जागी 'पतींनी' एवढेच होते, तिथे मी शिवप्रकाश गुरुसिद्धप्पा लामतुरे असे पूर्ण नाव घालायला लावले. बाकी मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करते.

मला इथे माझे पतीच मोटारसायकलवर घेऊन आले आहेत. ते फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत गाडीवर बसलेले आहेत. "ठरलंय तेवढं सांग अन् लवकर ये, अव्वा घरी एकटी हाय," असे त्यांनी मला सांगितले आहे. आता त्यांना आत बोलवावे. भक्तीची शाळा सुटायची वेळ झाली आहे, मी रिक्षाने जाईन.

सही/-
महेश्वरी शिवप्रकाश लामतुरे