चार घरच्या चार खुर्च्या

तिथं नका बसू, मॅडम — म्हणजे बसलात तरी चालेल, पण त्या खुर्चीचा रंग अजून बोटाला लागतो आणि तुमचे कपडे फिके आहेत. इथं सोफ्यावर बसा. हो, असंच, कडेला — सगळे कडेलाच बसतात. हा सोफा दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममधला आहे ना. त्यांनी दवाखान्यात सगळं नवीन केलं आणि हा बाहेर काढून ठेवला होता. इतकी वर्षं माणसं त्याच्यावर घाबरून बसली, की आता मागे टेकून बसणाऱ्या माणसाची त्याला सवयच नाही. मी गंमत केली. — आई? आई आतल्या खोलीत पडलीय. डोकं दुखतंय तिचं. सकाळी अगदी बरी होती. उठेलच ती. तोवर मी घर दाखवते. घरच बघायला आलात ना तुम्ही? बाबांनी कोर्टात सांगितलंय की आईला घर चालवता येत नाही, म्हणून मी त्यांच्याकडे राहायला जावं. आणि आई म्हणते — म्हणजे वकीलबाई म्हणतात — की येतं. तर तुम्ही बघून कोर्टाला सांगणार, खरं काय ते. मला समजावलंय वकीलबाईंनी. म्हणाल्या, विचारलं तेवढंच सांग, जास्त बोलू नकोस. मी तशीही बोलत नाही. शाळेत हजेरी घेताना माझ्या 'हजर'साठी बाईंना थांबावं लागतं.

तर हे आमचं घर. सगळं जुनं घेतलेलं आहे, पण जुनाट वाटत नाही ना? तेच तर जमवायचं असतं. या खुर्च्या बघा — चारी वेगवेगळ्या घरच्या आहेत. ही बुटकी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची. ही बंद पडलेल्या वाचनालयातली, हिच्या पाठीवर नंबर होता. ही एका नवराबायकोची — ते घर रिकामं करत होते आणि दोघंही एकमेकांना म्हणत होते, तूच ने, मला नको, तूच ने — शेवटी मी नेली. आणि चौथी जिन्याखाली पडून होती, तिला मालकच नव्हता. पण पॉलिश पेपरनं घासायच्या, भोकांमध्ये लांबी, म्हणजे ती पुट्टी, भरायची आणि चारींना एकच रंग द्यायचा, की सख्ख्या बहिणी दिसतात. उंचीत फरक राहतो, पण तो बहिणींतही असतोच की. हा शेवाळी रंग कसा मिळाला सांगू? रंगाच्या दुकानात कुणीतरी शेड बनवून घेतं आणि मग घरी नाही आवडत, परत आणून देतं. तो डबा कुणी घेत नाही. आपण फक्त जायचं आणि विचारायचं, परत आलेला रंग आहे का. मग घराचा रंग आपण नाही ठरवत, दुसऱ्या कुणाला तरी जो नाही आवडला तो आपला. पण पाच-सहा वस्तूंना तोच दिला की लोकांना वाटतं, मुद्दाम निवडलाय. — कुणी निवडलं? आईनं. हो, आईनंच. तिची नजर फार चांगली आहे. पडद्यांच्या दुकानात होती ना ती, लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची. मी लहान असताना मला बरोबर न्यायची. टेपचं एक टोक मी धरायचे. आणि माप घेऊन झालं की आई त्या लोकांना सांगायची, हे टेबल वीतभर इकडे घ्या. त्यांनी विचारलेलं नसायचं. पण ते घ्यायचे आणि मग म्हणायचे, अरेच्चा.

सावकाश, तिथं गालिचा दुमडलाय. तो उलटा घातलाय आम्ही. सुलट्या बाजूला इस्त्रीचा डाग आहे, अख्ख्या इस्त्रीचा, टोकासकट. उलट्या बाजूनं रंग थोडे फिकट दिसतात, ते उलट बरं दिसतं. आणि तो दिवा लॉजमधला आहे, त्याला खाली साखळी लावायचं कडं आहे, कुणी चोरून नेऊ नये म्हणून. बाकीचं सगळं डेपोमागच्या जुन्या सामानाच्या दुकानातलं. त्या दुकानदारांना सगळे कोचवाले काका म्हणतात, कारण त्यांच्याकडे कोच सोडून सगळं मिळतं. त्यांनी मला शिकवलं, वस्तू आधी उलटी करून बघायची. वरून सगळ्याच चकचकीत असतात, वाळवी खालून लागते. आणि भाव? भाव मला करताच येत नाही, मॅडम. मी नुसती उभी राहते. ते किंमत सांगतात आणि मला काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून मी वस्तूकडं बघत गप्प. मग ते म्हणतात, बरं, एवढी दे. मी तरी गप्पच, कारण हो म्हणायचीही लाज वाटते. मग ते आणखी उतरतात. एकदा म्हणाले, तुझ्यासारखं कठोर गिऱ्हाईक मी पाहिलं नाही, तू भांडलीस तरी परवडेल. — हो, मीच जाते. आईच सांगते काय आणायचं ते. म्हणजे आधी सांगायची. पैसे बाबा पाठवतात त्यातले. कार्ड माझ्याकडे असतं, आईला गर्दीत जायला आवडत नाही म्हणून.

ही माझी खोली. पलंग वसतिगृहातला, लोखंडी. ताठ आहे चादर? मी नीट घालते म्हणून. — ते कपाट टेम्पोतून आणलं. वर? वर टेम्पोवाल्या काकांनी आणि मी. आईचं त्या दिवशी डोकं — हो, त्या दिवशीही. — त्या रेघा? उंचीच्या आहेत. हो, माझ्या. आई दरवर्षी वाढदिवसाला मला कपाटाला टेकवून उभं करायची आणि पेन्सिलीनं — काय? या घरात कधी आलो? यंदाच, उन्हाळ्याच्या सुट्टीत आलो. आणि कपाट… कपाट इथं आल्यावर घेतलं. हो. बरोबर आहे. सगळ्यात खालची रेघ माझ्या मांडीला लागते. ती दुसऱ्या कुणाची तरी आहे, मॅडम. कोचवाले काका म्हणाले होते, घासून टाक, दोन मिनिटांचं काम आहे. मी पॉलिश पेपर हातात घेतलाही होता. मग म्हटलं राहू देत, कुणी बघितलं तर घर राहतं वाटेल. वाटलं ना तुम्हालाही? फक्त वरची, ती निळ्या पेनाची, माझी आहे. डोक्यावर भूमितीचं पुस्तक ठेवून हात मागे नेऊन मारली. तिरकी गेलीय. आपली आपण काढली की तिरकीच जाते, पेन दिसत नाही.

नाही, इथं नाही झोपत मी. आईच्या खोलीत झोपते, खाली गादी घालून. तिला मध्येच जाग येते आणि मग ती नुसती बसून राहते, तर कुणीतरी असलेलं बरं. स्वयंपाक? वरण-भात, पोळ्या आणतो आम्ही. आणते मी. ताटं दोन वाढते रोज. आई थोडं खाते. कधीकधी थोडं. डॉक्टरांच्या गोळ्या आहेत तिच्या, त्या मी देते, शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर. त्या विसरत नाही मी. — आईला माझ्याकडं लक्ष द्यायला जमतं का? …इकडून या, मॅडम, हे न्हाणीघर. आरशाला काळे ठिपके आहेत, ते मागून येतात, पुसून जात नाहीत.

बसा परत सोफ्यावर. ही भिंतीवरची फ्रेम तुम्ही आल्या आल्या सरळ केलीत. मी बघितलं. नाही, राग नाही आला. ती मी तिरकी लावली होती. मुद्दाम. कारण आईला तिरकं चालायचं नाही — कधीच नाही, लोकांच्या घरातलीसुद्धा ती सरळ करायची, बाबा म्हणायचे, तुझ्या आईला चंद्र दाखवू नका, त्याला सरळ करायला शिडी मागेल. तर मी म्हटलं, लावून बघावी. आधी थोडीशीच तिरकी केली होती. मग रोज थोडी जास्त. आई तिच्यासमोरून पाणी प्यायला जायची आणि यायची. शेवटी तर ती इतकी तिरकी झाली, की वरच्या मजल्यावरच्या आजी वाटी परत करायला आल्या तेव्हा म्हणाल्या, भूकंप झाला का गं तुमच्याकडे. सगळं घरच तसं आहे, मॅडम. सोफा मी आधी दाराच्या तोंडावर ठेवला होता, कुणालाही पटकन म्हणता यावं, अगं इथं कुठं ठेवलास. पडदे मी आखूड शिवले, चांगले हातभर आखूड. पडद्यांच्या दुकानात इतकी वर्षं काम केलेल्या बाईच्या घरात. मला वाटलं, आज म्हणेल, उद्या म्हणेल. मग तुमची तारीख आली, तेव्हा सोफा जागेवर नेला आणि पडद्यांना खाली पट्टी जोडली. फ्रेम तेवढी राहिली.

आता कळलं मला. मी कोचवाल्या काकांसमोर उभी राहते, तशा तुम्ही बसलाय. गप्प. आणि मी आपली उतरत चाललेय. वकीलबाई ओरडणार मला. — नाही, पाणी नको. रडत नाहीये मी. रडायला येतच नाही, बरेच दिवस झाले. मैत्रीण म्हणते, तू किती शांत असतेस गं, मला जमत नाही असं. मी शांत नाहीये. फ्रिज बंद पडल्यावर घरात कसं एकदम काहीच ऐकू येत नाही आणि तेव्हा कळतं की इतका वेळ आवाज होता — तसं आहे ते.

बाबा वाईट नाहीत. तुम्ही त्यांच्याकडंही गेला असाल. तिथं सगळं सेटमध्ये आहे, टेबलाच्या सहाही खुर्च्या एका दुकानातल्या, एकीखालीही लांबी भरलेली नाही. बाबा म्हणतात, सांभाळणं तुझं काम नाही, तू अभ्यास कर. आणि आत्या असते तिथं. मागच्या सुट्टीत गेले होते तेव्हा आत्यानं आतून हाक मारली, ये गं, ताट वाढलंय. मी उठलेच नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतेय. मग ती बाहेर आली आणि म्हणाली, बहिरी झालीस का, गार होतंय. आणि मी जेवले, मॅडम. खूप जेवले. दोनदा भात घेतला. आणि जेवताना मला आईची आठवण आली नाही. हे कोर्टात सांगायचं असेल तर सांगा.

मला कुठं राहायचंय? तुम्ही विचारणार हे मला वकीलबाईंनी सांगितलं होतं आणि उत्तरही पाठ करून घेतलं होतं. 'मला आईजवळ राहायचंय, आई माझी काळजी घेते.' दोन्ही भाग सलग म्हणायचे. तर मला आईजवळ — मी गेले तर ती जेवणार नाही, मॅडम. एवढं नक्की. गोळ्या घेणार नाही. राहिले तर थोडं जेवेल. यात मला काय हवंय ते मी शोधलं, खरंच शोधलं, पण मला काही सापडत नाही. मला एवढंच कळतं की कुणीतरी —

आई. उठलीस? कधीपासून उभी आहेस तू तिथं? या मॅडम आहेत, कोर्टातल्या, तुला सांगितलं होतं ना मी. बस ना. बरं, नको बसूस. चष्मा हवाय का? — काय? जरा मोठ्यानं बोल, आई, त्यांना ऐकू नाही आलं. — नाही. नको. मोठ्यानं नको. मॅडम, ती झोपेतून उठलीय, गोळ्यांमुळं असं होतं, ती काही म्हणाली नाही —

ऐकलंत तुम्ही. हो. हेच म्हणाली. 'हिला तिकडं पाठवा. लहान आहे ती अजून.' तुमच्याकडं बघून म्हणाली, भिंतीकडं बघून नाही. मॅडम, आई इतक्या दिवसांत सलग एवढं बोललेली नाही. मी वाट बघत होते ती काहीतरी म्हणेल, हे इकडं घे, ते तिकडं सरकव. आणि म्हणाली ती हे.

मघाशी तुम्ही विचारलंत ना, लक्ष द्यायला जमतं का. जमतं. आत्ता बघितलंत तुम्ही. हे सांगा कोर्टात, घराचं काहीही सांगा, पण हे सांगा. — आणि हे सांगितलं तर मी इथं राहणार का तिकडं जाणार? नाही. नका सांगू. आत्ता मला नका सांगू.

तुम्ही या आता, मॅडम. ती फार वेळ उभी राहू शकत नाही. लिफ्टचं दार नीट ओढून घ्या, नाहीतर ती तिथंच अडकून राहते. — आई, भिंतीला धर. धरलंस? आले मी.