दोरीवरचं धोतर

रझाकारांच्या भीतीचे दिवस होते. तीर्थपुरीच्या गिरणीत दळणाच्या रांगेत माझ्यापुढं दोघी शेजारणी उभ्या होत्या: आसराबाई आणि आरमारातल्या खलाशाची बायको गोपिका.

"गोपिके, तुझा दादला मुंबईला जहाजावर हाये ना गं?"

"व्हय मावशी."

"मंग तुझ्या दोरीवर रोज वलं धोतर कोनाचं?"

"त्यायचंच."

"नेसतं कोन?"

"कोनीच न्हाई."

"न नेसता मळतं? बराबर सांग, समदी रांग ऐकून राह्यली."

"मंग जरा इकडं सरका. मीच भिजवते अन् मीच वाळू घालते. रस्त्यानं जानाऱ्याला वाटावं, घरात गडी हाये."

"अस्सं!"

"तुमचं बरंय. काका घरी हायेत."

"हायेत ना. ताप हाये त्यायला. लई दिस झाले, भायेर येत न्हाईत."

"मंग त्यायची धोतरं कुठं वाळवता मावशी? तुमची दोरी तर रिकामीच दिसते."

गोपिकेचं दळण झालं. ती पाटी डोक्यावर घेऊन निघाली, तशी आसराबाई आपला नंबर सोडून तिच्या मागं धावली.

"गोपिके, एखादं जुनं धोतर मला बी दे गं. आमच्याकडची समदी त्यायनी जाताना संगं नेली."