जयूचा कायमचा नंबर

मी डोंगराकडची, ताई. तलासरीपासून पूर्वेला गाडी जिथून वळून परत येते तिथून पुढं चालत जायचं, तिथं आमचा पाडा. भात नि नागली, एवढीच शेती, भात कापून झालं की सगळा पाडा कामाला बाहेर. मी काय शिकली नाय, धाकटी भावंडं सांभाळली, मंग लगीन झालं. नवरा अच्छाडला ट्रकांवर माल चढवायचा-उतरवायचा, कामाला वाघ, पण पिऊन आला की हात उचलायचा, आणि काय सांगू तुमाला, माझ्यावर उचलला तेवढा मार मी खाल्ला, सगळ्याच बाया खातात, असंच वाटायचं तेव्हा.

एकच पोरगी, जयू. हुशार. तिच्या शाळेत मास्तरांनी सगळ्या पोरांना एक लांबलचक नंबर दिला, आधारचा नाय, तो वेगळा, हा शाळेचा, आणि बोलले, पोरांनो, हा कायमचा, देशात कुठल्या पण शाळेत जा, हा सांगा, तुमचं सगळं निघंल. जयूनं तो पाठच केला. भांडी घासताना बोलायची, नागली दळताना बोलायची, गाणं असल्यागत, आणि ऐकून ऐकून मला पण पाठ झाला, मला, जिला सही येत नाय. मास्तर भला माणूस हां, खरं बोलते, पोरं शाळेत आली नाय तं पाड्यावर शोधायला यायचे.

सातवी झाली आणि नवरा बोलला, बस झाली शाळा, एका ढाब्यावर बोलून आलोय, भांडी घासंल, तिथंच राहील. मी बोलली, तेरा वर्षांची पोर ट्रकवाल्यांमधे राहील? तं त्यानं चुलीतलं लाकूड उचललं, आणि या वेळी पोरीवर. दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला आणि मी पोरीचा हात धरून निघाली. कागद एक नाय घेतला, पेटीची चावी त्याच्याकडं, माझं आधार तेवढं ब्लाउजमधे. कोसबाडच्या अंगाला एका चिकूच्या वाडीत काम मिळालं, राहायला खोली मिळाली, चिकू निवडायचे, लहान-मोठे वेगळे करायचे. कुठं आली ते कोणालाच सांगितलं नाय, माझ्या आईला पण नाय, ताई. आई मला मेली समजून रडली असंल.

पण पोरीची शाळा? मी गेली तिकडच्या शाळेत, ऑफिसात मॅडम बसलेल्या, बोलल्या, दाखला? नाय. जन्माचा कागद? नाय. मंग जयू पुढं झाली आणि घडाघडा नंबर बोलली. मॅडमनी कॉम्प्युटरवर मारला आणि सगळं निघालं, पोरीचं नाव, बापाचं नाव, पाडा, जुनी शाळा. मॅडम हसल्या, बोलल्या, हुशार हाय हो तुमची. मी वाडीत येऊन सगळ्या बायकांना सांगितलं, माझी पोरगी बिनकागदाची शाळेत बसली. आता वाटतं, तेव्हा तिच्या तोंडावर हात का नाय ठेवला.

कारण तो नंबर इकडं मारला की तिकडं जुन्या शाळेत कळतं, ही पोरगी अमक्या शाळेनं मागितली, सोडता का. हे मला कोण सांगणार? मास्तरांनी बघितलं आणि त्यांना आनंद झाला, पोरगी सापडली. नवरा त्यांच्याकडं पोरगी हरवली म्हणून रडून आला होता ना. त्यांनी त्याला शाळेचं नाव सांगितलं. वाईट मनानं नाय, ताई. बापच ना तो.

तो आला, धुतलेला शर्ट घालून, मिठाईचा बॉक्स घेऊन. मी वाडीत कामावर. शाळेनं नाव विचारलं, आधार बघितलं, कॉम्प्युटरमधे तेच नाव, पालक म्हणून मोबाईल पण त्याचाच. मंग कोण अडवणार? जयू बोलली म्हणे, आईला बोलवा. पण माझ्याकडं फोनच नाय तं बोलवणार कसं? मी सुटायच्या टायमाला गेटवर उभी, सगळी पोरं गेली, माझी नाय आली.

पाड्यावर गेली तं घराला कुलूप. शेजारी बोलले, गुजरातकडं गेले दोघं, कुठं ते माहीत नाय. चौकीत बोलले, बापाकडंच हाय ना, मंग रडते कशाला. मंग परत त्याच मॅडमकडं गेली. बोलली, नंबर सांगते, मारा. सगळा बोलली, एक आकडा चुकली नाय. मॅडमनी मारला, बघितलं. मी बोलली, कुठली शाळा ते नका सांगू, माझी पोर शाळेत हाय का ढाब्यावर, एवढंच सांगा. त्यांनी माझं आधार मागितलं. कॉम्प्युटरमधे आई म्हणून माझं घरचं हाकेचं नाव, नवऱ्यानं लिहून दिलेलं, आणि आधारवर दुसरं. बोलल्या, बाई, मी ओळखते तुमाला, पण नाव जुळत नाय, आणि पोरगी आता आमच्या शाळेची नाय, पोरांची माहिती खाजगी असते, अशी देता येत नाय. त्यांच्या पण डोळ्यांत पाणी होतं. पण कॉम्प्युटरचं तोंड त्यांनी तिकडं फिरवलं. मला वाचता तरी येतं का, ताई?

अजून चिकूच निवडते. हात चालतात नि तोंड नंबर बोलतं, बाजूच्या बायका आता हसत नाय, सवय झाली त्यांना. जिथं असंल तिथं तिला पोटभर मिळू दे, हातात पुस्तक असू दे, दुसरं काय मागू. तुमी लिहा सगळं, लिहायलाच आल्यात ना. पण तिचं नाव जयू नाय हां, ते मी तुमच्यासाठी घेतलं. खरं सांगणार नाय, आणि नंबर तं नायच. राग मानू नका. तुमी चांगल्या आहात, दिसतंय मला. मास्तर पण चांगलेच होते.