फरशीवर पडलेला आलेख

रशियातल्या यारोस्लाव्लच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे म्हातारा नट इनोकेंती आणि त्याची बायको लारिसा होते. त्याच्या हातून हृदयाचा आलेख फरशीवर पडला, तसा तो झटकन त्यावरच बसला.

"इनोकेंती, ऊठ! लोक बघतायत."

"बघू देत. जन्मभर त्याचंच तर खातोय."

"अरे, नाटकाची संहिता पडली तर तिच्यावर बसायचं, भूमिका हातची जाऊ नये म्हणून. हा दवाखान्याचा कागद आहे!"

"सिनेमात दर वेळी माझं पात्र मारून टाकलं. पण रंगमंचावरची एकही भूमिका मी जाऊ दिली नाही. मग ही कशी जाऊ देऊ?"

"आत तुझं नाव पुकारतायत."

"तू जा. विचार, अजून किती प्रयोग उरलेत."

"मी नाही जाणार एकटी."

"मग काय करणार?"

"सरक जरा. मलाही बसू दे."