दादाच्या डोक्याचा नकाशा

थोरला : आई काय म्हणाली होती, आठवतंय ना? ‘बहिणीला एकटं सोडू नकोस, कुठे फिट आली तर?’ मग मी त्या यंत्रात कसा शिरू? तुझ्याकडे लक्ष कोण देणार?

धाकटी : वा. शाळेत माझ्यापासून दहा हात लांब चालतोस, आणि आज सोबतीचा उमाळा आलाय.

थोरला : जबाबदारी आहे माझी.

धाकटी : आधी तोंड बघ आरशात. पांढरंफटक पडलंय.

स्कॅनवाल्या काकू : बहिणीचा स्कॅन सकाळीच झाला. चला भाऊराय, आता तुमची पाळी.

थोरला : काकू, फिट हिला येतात, मला नाही. मग माझ्या डोक्याचा फोटो कशाला?

काकू : म्हणूनच तर. मेंदूत एका भागातून दुसऱ्या भागात जायचे रस्ते असतात. फिट येणाऱ्या मुलांमध्ये ते कुठे वेगळे दिसतात हे बघायचं, तर फिट न येणाऱ्यांचेही नकाशे शेजारी ठेवावे लागतात. एकाच घरातली, वर्षभराच्या अंतराची जोडी म्हणजे हा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरबाईंना पर्वणीच.

धाकटी : आणि जोडी जमली नाही तर?

काकू : तर तुझाही नकाशा बाजूला राहील, बाळा.

धाकटी : ऐकलंस? एवढी खडखड सोसली, नाक खाजत होतं तरी हलले नाही. सगळं पाण्यात.

थोरला : तुझं नाक कायमच खाजतं.

धाकटी : मित्रांना सांगत होतास ना, हिच्या डोक्यातली वायर सैल आहे म्हणून? आता तुझी घट्ट वायर दाखव की.

थोरला : ते गमतीत म्हटलं होतं.

धाकटी : मग हेही गमतीत कर. काकू, याच्या डोक्यात रस्ते नसून नुसतं मैदानच निघालं, तर चालेल का?

काकू : मैदानाचाही फोटो काढू. पट्टा काढ रे, खिसे रिकामे कर. अगं बाई, हे काय?

थोरला : सायकलचे नट आहेत.

धाकटी : बघा काकू, सैल कुणाचे ते.

(काकू हसत काचेपलीकडच्या खोलीत जातात.)

थोरला : ऐक ना. हसणार नाहीस?

धाकटी : हसेन. पण बोल.

थोरला : माझेही रस्ते वेगळे निघाले तर? आपण एकाच आईची पोरं.

धाकटी : म्हणून चाललंय होय हे सगळं?

थोरला : नुसतं विचारतोय.

धाकटी : निघाले तर निघाले. गोळी जिभेच्या पार मागे ठेवायची, कडू लागत नाही. शिकवीन मी. आणि फिटनंतर डोळे उघडले की सगळे वाकून बघत असतात, त्याचा फार वैताग येतो. मी नाही वाकणार. शेजारी बसून राहीन.

थोरला : मी बघतो वाकून.

धाकटी : माहितीये. तुझ्या नाकातलं सगळं दिसतं.

थोरला : माझ्या पायाचा अंगठा धरशील? पाय तेवढे बाहेर राहतात.

धाकटी : धुतलेस का?

थोरला : हो.

धाकटी : खोटारडा. तरी धरीन. शेवटपर्यंत.

काकू : (परत येत) चला राजे, आडवे व्हा. बहिणीने बाहेर बसायचं.

धाकटी : काकू, पायाशी उभं राहिलं तर चालतं का? मी कबूल केलंय.

काकू : चालतं. तुझी तपासणी सकाळी झालीच आहे. अंगावर धातूचं काही नको, कानात बोळे घाल. आणि गुदगुल्या केल्यास तर फोटो वाया जाईल, सांगून ठेवते.

धाकटी : मनात होतं खरं. पण आज नको.

काकू : आणि आई डॉक्टरबाईंकडून परत आल्या, तर काय सांगू?

धाकटी : माझे डूल धरा. आणि सांगा, दादाला एकटं सोडायचं नव्हतं.